आधी गेट, मग मुक्काम

राष्ट्रीय उद्यान पाहायला जाताना मुक्काम कोणत्या गावी करायचा, हे उद्यानाच्या नावावरून ठरवू नये. ते गेटवरून ठरवावे. सफारीचे आरक्षण एका ठरावीक गेटचे असते, दुसऱ्या गेटवर ते चालत नाही. म्हणून आधी गेट, मग गाव आणि शेवटी हॉटेल, हाच क्रम बरोबर. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी परिसरातून निघणाऱ्या कुटुंबांनी तर तो लक्षात ठेवायलाच हवा. यवतमाळ जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही. टिपेश्वर आणि पैनगंगा ही अभयारण्ये आहेत. त्यामुळे वाघ पाहायचा म्हटले की गाडी ताडोब्याकडे वळते.

ताडोबा 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे 1986 मध्ये अंधारी अभयारण्य जाहीर झाले आणि दोन्ही मिळून आजचा व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. गाभा क्षेत्रात शिरायला दक्षिणेकडे मोहर्ली, पश्चिमेकडे खुटवंडा, उत्तरेकडे कोलारा आणि नवेगाव, तर कोळसा परिक्षेत्रासाठी झरी आणि पांगडी अशी गेटे आहेत. नकाशावर ही सगळी जवळजवळ दिसतात. पण मुक्काम चंद्रपुरात आणि आरक्षण कोलाऱ्याचे असेल, तर वरोरा, चिमूर असा मोठा वळसा पडतो. पहाटे गेटवर पोहोचायचे तर मध्यरात्र उलटताच निघावे लागते. लेकरे आणि म्हातारी माणसे सोबत असली की सफारी सुरू होण्याआधीच सगळे थकून जातात.

महागाव, यवतमाळ, वणी या बाजूने जाणाऱ्याला मोहर्ली सोयीची. तिथे एमटीडीसीचे निवासस्थान आहे, खासगी रिसॉर्ट आहेत आणि आगरझरी, देवाडा ही बफरची गेटेही जवळ आहेत. गाभ्याचे आरक्षण मिळाले नाही, तरी फेरी वाया जात नाही. नागपूर, उमरेडकडून येणाऱ्याने कोलारा धरावा. मदनापूर आणि अलिझंझा ही बफरची गेटे त्या अंगाला आहेत.

चंद्रपूर शहराचा फायदा वेगळा आहे. रेल्वे, मोठी रुग्णालये आणि खिशाला परवडणारे लॉज तिथे आहेत. सकाळची सफारी आटोपली की गोंडकालीन परकोट, अंचलेश्वर आणि महाकालीचे दर्शनही होते. मात्र चैत्रात महाकालीची यात्रा भरते. नांदेड, परभणीकडचे भाविक त्या वेळी मोठ्या संख्येने येतात आणि वाघ दिसण्याचा हंगामही तोच असतो, त्यामुळे खोल्या मिळणे अवघड होते. ताडोबा मंगळवारी बंद असते. गाभा क्षेत्र 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असते. मुक्कामाचे पैसे भरण्याआधी या तारखा पाहाव्यात.

टिपेश्वरचे गणित सोपे आहे. हे अभयारण्य 1997 मध्ये जाहीर झाले. क्षेत्र 148.63 चौरस किलोमीटर, म्हणजे ताडोब्याच्या मानाने लहान. नागपूर–हैदराबाद महामार्गावरचे पांढरकवडा हेच मुक्कामाचे मुख्य गाव. सुन्ना गेट तिथून जवळ असल्याने पहाटे फार लवकर उठावे लागत नाही.

पैनगंगा अभयारण्य फुलसावंगीला सर्वांत जवळचे, आणि पर्यटकांच्या यादीत सर्वांत मागे. उमरखेड तालुक्यात या जंगलपट्टीतल्या गावांना ‘बंदी भाग’ म्हणतात. सागाचे जंगल, नदीतले डोह आणि पावसाळ्यात फुगणारा सहस्रकुंड धबधबा ही इथली संपत्ती. टिपेश्वरात 2019 मध्ये रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ तेलंगण, नांदेड, पुसद, पैनगंगा असा फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याने 1300 किलोमीटरहून अधिक अंतर कापले. वाघाच्या वाटेवरचे हे जंगल माणसाच्या सहलीतून मात्र वगळले जाते.

इथे मुक्कामाचे पर्याय चार दिशांना आहेत. रेल्वेने येणाऱ्याला किनवट बरे. उमरखेड नागपूर–तुळजापूर महामार्गावर आहे. बाजार, सरकारी रुग्णालय आणि पेट्रोल पंप हाताशी असल्याने कुटुंबासाठी ते सुरक्षित ठिकाण. माहूरला रेणुकामाता आणि दत्तशिखर यांमुळे भक्तनिवास आणि लॉज आहेत, पण नवरात्र आणि दत्तजयंतीला तिथे जागेची आशा धरू नये. चौथे ठिकाण म्हणजे जंगलालगतची ढाणकी, फुलसावंगी यांसारखी मोठी बाजारगावे. इथे हॉटेलांची रांग नाही; पण भाजीबाजार, किराणा आणि गरम भाकरी मिळते, आणि वाटा ठाऊक असलेली माणसेही इथेच भेटतात. जंगलात शिरण्याआधी गाडीत तेल भरून घ्यावे आणि घरी निरोप द्यावा, कारण बंदी भागात मोबाइलच्या रेंजवर विसंबता येत नाही. प्रवेशाची परवानगी वन विभागाकडून घ्यावी.

सोयीनंतर एक प्रश्न न्यायाचा उरतो. रानडुकरे आणि रोही कपाशीत, तुरीत शिरतात ते जंगलाकाठच्या शेतकऱ्याच्या. गुरे मारली जातात तीही त्याचीच. पर्यटकाने मात्र दूरच्या शहरात खोली घ्यायची, डबा तिथूनच आणायचा आणि गावातून धूळ उडवत निघून जायचे, हे बरे नव्हे. मोहर्लीत गाइड, जिप्सीचालक आणि खानावळवाले यांच्या घरात जंगलामुळे चूल पेटते. वाघ जगला पाहिजे, असे त्यांना मनापासून वाटते त्याला हाही आधार आहे. पैनगंगेच्या काठी तो आधार अजून उभा राहायचा आहे. घरगुती मुक्काम, स्वच्छ शौचालय आणि प्रशिक्षित वाटाडे एवढी सोय वन विभाग आणि ग्रामपंचायती मिळून करू शकतात. त्यासाठी मोठ्या रिसॉर्टची वाट पाहण्याचे कारण नाही.

तेव्हा गेट निश्चित करावे, हंगाम आणि जत्रेच्या तारखा पाहाव्यात, दवाखाना किती लांब आहे याची चौकशी करावी. एवढे जुळल्यावर दोन गावे सारखीच सोयीची ठरली, तर जंगलाला लागून असलेले गाव निवडावे.