रंगालाही युनिट असतं!

व्हायवात उत्तर म्हणून नुसतं "साडेनऊ" सांगून बघा. सर लगेच विचारणार, "साडेनऊ काय? किलो की किलोमीटर?" आपण हसतो, पण १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान अशाच घोळात गेलं. एका टीमने पाउंड-फोर्समध्ये दिलेले आकडे दुसऱ्या टीमने न्यूटनमध्ये आहेत असं धरलं. आकडे होते, त्यांचं युनिट हरवलं होतं.

आपल्या गॅदरिंगच्या फिल्म्सचंही हेच होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅमेरा चांगला, हौस दांडगी. कोणीतरी म्हणतं, "रॉमध्येच शूट करूया रे!" हार्ड डिस्क फुल्ल होते. आणि शेवटी फिल्म बघावी तर नऊवारीचा रंग भलताच आणि चेहरे राखेसारखे. मग शिव्या कॅमेऱ्याला, नाहीतर हॉलच्या लाइट्सना.

मुळात सेन्सरला रंग कळतच नाही, त्याला फक्त उजेड कळतो. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा असा एकच फिल्टर बसवलेला असतो. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या या मांडणीला १९७६ साली पेटंट मिळालं. त्यात निम्मे फिल्टर हिरवे, पाव लाल आणि पाव निळे. रॉ फाइलमध्ये असतात ते हेच आकडे. १२ बिटची फाइल असेल तर ४०९६ पायऱ्यांचे. हा झाला कच्चा शिधा. त्याचा व्हिडिओ करताना प्रत्येक पिक्सेलचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून काढायचे, पांढरं कशाला म्हणायचं ते ठरवायचं, त्या कॅमेऱ्याचे आकडे स्टँडर्ड रंगांत बदलायचे आणि बहुतेक वेळा ८ बिटच्या २५६ पायऱ्यांत बसवायचे. एवढ्या गडबडीत लेबल कुठे गळून पडलं, कोणाला पत्ताही नसतो!

एक उदाहरण देतो. एचडी व्हिडिओचं स्टँडर्ड रेक. ७०९, आणि जुन्या टीव्हीचं ६०१. आरजीबीवरून ब्राइटनेस काढायची दोघांची सूत्रं वेगळी. ६०१ मध्ये हिरव्याचा वाटा ०.५८७, तर ७०९ मध्ये ०.७१५२. आता व्हिडिओ बनवताना ६०१ चं सूत्र लागलं आणि प्लेअरने मात्र ७०९ समजून तो उघडला, तर काय होईल? वहीत गणित मांडून बघा. शुद्ध लालमध्ये सुमारे १० टक्के हिरवा मिसळतो, म्हणजे कुंकू शेंदराकडे झुकतं. हिरवा चुडा काळपट पडतो. फिल्म बिघडलेली नसते, फक्त चुकीच्या भाषेत वाचलेली असते.

दुसरा घोळ रेंजचा. ८ बिट व्हिडिओत सहसा काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. कॉम्प्युटरच्या चित्रात ० आणि २५५ वर. एकाला दुसरं समजलं, तर एक तर सगळं दुधी काचेतून पाहिल्यासारखं दिसतं, नाहीतर अंधारातले बारकावे गायब! केस मागच्या पडद्यात मिसळून जातात.

यावर आमचे एडिटर मित्र म्हणतात, "रंग म्हणजे चवीचा मामला आहे यार." मान्य! मीठ चवीनुसार घाला, पण आधी डब्यात मीठ आहे की साखर हे तरी बघा. ग्रेडिंग ही कला आहे, पण तिची सुरुवात खऱ्या रंगापासून व्हायला हवी.

आणि यात चेहऱ्यांचा प्रश्न आहे, म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं. एके काळी कोडॅककडून फोटो लॅब्जना रंग जुळवायला "शर्ली कार्ड" यायचं. त्यावरची बाई गोरी. तिचा रंग नीट आला की प्रिंट बरोबर, बाकीच्यांचं काय ते त्यांनी बघावं! आज ते कार्ड नाही, पण फिल्म फिकी दिसते म्हणून एडिटर सगळ्यांचे चेहरे उजळवतो, तेव्हा आपण वेगळं काय करतो? गंमत म्हणजे व्हेक्टरस्कोपवर गोऱ्या, सावळ्या, काळ्या सगळ्यांची त्वचा साधारण एकाच रेषेच्या आसपास पडते. फरक मुख्यतः उजेडाचा आणि गडदपणाचा. सावळा मित्र सावळाच दिसला पाहिजे, राखाडी नाही आणि गोराही नाही.

म्हणून यंदाच्या गॅदरिंग टीमला एवढंच सांगणं आहे. लाइटिंग बदललं की पाच सेकंद ग्रे कार्ड शूट करा. रॉवरून थेट ८ बिटवर उडी मारू नका, आधी १० बिटची मास्टर फाइल करा. एक्स्पोर्ट करताना प्रायमरीज, ट्रान्सफर, मॅट्रिक्स आणि रेंज हे चारही टॅग लिहिले गेलेत का ते तपासा. आणि लॅपटॉपच्या स्क्रीनपेक्षा स्कोपवर विश्वास ठेवा. या कामाला खर्च जवळजवळ शून्य, वेळ फार तर अर्धा तास. महिनाभर प्रॅक्टिस करून स्टेजवर उभ्या राहिलेल्या पोरापोरींसाठी एवढं करायला काय हरकत आहे?