आधी बाहेर, मग सिमेंट

बंगळुरूच्या घरांत मुक्काम ठोकणारे वटवाघूळ बहुतेक वेळा अंगठ्याएवढे असते. पंख पसरले की चार फुटांच्या आसपास भरणारे मोठे फलाहारी वटवाघूळ घरात राहायला येत नाही. त्याला वडासारखे उंच, ऐसपैस झाड लागते. फटीत राहतात त्या पाकोळ्या, म्हणजे हीच अंगठ्याएवढी वटवाघळे. वजन चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमचाभर साखरेइतके. खाणे किडे-चिलटे, आणि आत शिरायला अर्ध्या इंचाची फट पुरते. त्यांच्याहून मोठे, पोटाकडून पिवळसर असे एक घरवटवाघूळ छपराच्या पोकळीत आणि भिंतींच्या भेगांत आढळते. शेजारचा कन्नडिग या सगळ्यांना सरसकट बावली म्हणतो आणि मराठी माणूस वटवाघूळ. उपाय मात्र सरसकट चालत नाही.

तिसरा पाहुणा तर घरात राहतच नाही. आखूड नाकाचे फलाहारी वटवाघूळ रात्री पोर्चमध्ये येऊन लटकते, तोंडातले फळ खाते आणि निघून जाते. सकाळी गाडीच्या टपावर बिया, चोथा आणि भिंतीवर उडालेले तपकिरी शिंतोडे. बंगळुरूच्या रस्त्यांकडेला सिंगापूर चेरीची झाडे जागोजागी आहेत. इथले लोक तिच्या फळाला ‘गसगसे हण्णु’ म्हणतात, कारण आत खसखशीसारखे बी. ही चेरी, औदुंबर, पेरू, चिकू आणि कुंपणाला लावलेला सरळसोट खोटा अशोक ही या प्राण्याची खाणावळ, आणि पोर्च हे तिचे टेबल. इथे बुजवायला काही भोकच नसते. लटकण्याच्या जागी गुळगुळीत पत्रा किंवा प्लास्टिकचा तुकडा ठोकावा, म्हणजे नखांना पकड मिळत नाही. काही आठवडे त्या कोपऱ्यात रात्रभर दिवा ठेवावा. फळांचा बहर सरला की हजेरी आपोआप कमी होते. त्यासाठी झाड तोडणारे लोक आहेत, पण तो गाडी धुण्याचा आळस झाला.

खरा प्रश्न पाकोळ्यांचा. बसवनगुडी, मल्लेश्वरममध्ये उरलेल्या जुन्या बंगल्यांत मंगलोरी कौलांखालची पोकळी, ‘मंकी टॉप’ म्हणून ओळखली जाणारी खिडक्यांवरची लाकडी जाळीदार टोपी आणि कधीच न उघडणारे झरोके ही त्यांची ठिकाणे. नव्या इमारतींत जागा बदलल्या, सोय तीच राहिली: एसीचा पाइप जिथून भिंतीत शिरतो ते ओबडधोबड भोक, रोलिंग शटरची पेटी, बाथरूममागचा डक्ट, फॉल्स सीलिंग आणि दोन इमारतींच्या मधला एक्स्पान्शन जॉइंट. जिथे गवंड्याचे आणि प्लंबरचे काम एकमेकांना भेटले नाही, तिथे पाकोळी भेटते.

ती आहे की नाही हे लेंडीवरून कळते. पालीच्या लेंडीला पांढरे टोक असते, उंदराची लेंडी कडक असते. पाकोळीची चिमटीत धरली की भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांची चकाकी दिसते. चिमटीत धरताना हातमोजा मात्र हवा. दुसरी खूण भोकाच्या कडेवर: अंगाच्या तेलाने आणि मळाने आलेला काळपट डाग, जुन्या दाराच्या मुठीवर येतो तसा.

मग खुर्ची घेऊन बसायचे. हे काम कोणत्याही जाळीपेक्षा महत्त्वाचे, आणि नेमके हेच कोणी करत नाही. बंगळुरूत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या आत मावळतो, जुलैत पावणेसातनंतर. मावळल्यावर दहा मिनिटांनी भिंतीकडे तोंड करून बसावे. एक माणूस पुढच्या बाजूला, एक मागच्या. दिवे बंद, मोबाइल खिशात. आधी आतून बारीक खरवड ऐकू येते. मग भोकाच्या कडेला एक टोकदार तोंड दिसते, आत जाते, पुन्हा येते. आणि मग पाकोळी उडत नाही, पडते. हातभर खाली आल्यावर पंख उघडतात आणि ती गच्चीच्या कठड्यापलीकडे जाते. मागोमाग दुसरी. किती पडल्या ते मोजावे, भोकाशेजारी खडूने खूण करावी आणि असे दोन-तीन संध्याकाळी करावे. एका भिंतीला निघण्याची दोन भोके असणे नेहमीचेच.

सगळी युक्ती या पडण्यात आहे. बाहेर निघताना पाकोळी खाली घसरते. परतताना मात्र ती भोकाच्या आसपास भिंतीवर उतरते आणि ओळखीच्या वासाच्या दिशेने वर सरपटत आत जाते. म्हणून भोकावर वरून एक पडदा सोडला, की तो निघणारीला अडवत नाही आणि येणारीला अडवतो. पडदा बारीक जाळीचा, छिद्र पाव इंचाहून मोठे नको. वर आणि दोन्ही बाजूंना तो भिंतीला पक्का करायचा, खालची बाजू मोकळी, आणि लांबी भोकाखाली किमान दोन फूट. तो भिंतीला घट्ट चिकटवायचा नाही; आत प्राणी घसरेल इतका फुगवटा ठेवायचा. परतलेली पाकोळी जाळीवर थेट भोकासमोर उतरते, तिथेच धडपडते. दोन फूट खाली जाऊन आतून वर यावे हे तिला सुचत नाही. भोक गोल असेल, तर पडद्याऐवजी दोन इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा तिरका, तोंड खाली करून बसवतात. आतून गुळगुळीत पाइपवर तिला वर चढता येत नाही. पाइपच्या तोंडाला पातळ प्लास्टिकची बाही बांधली की काम आणखी पक्के. एसजेपी रोडच्या हार्डवेअरच्या दुकानांत यातले सगळे मिळते.

क्रम चुकवायचा नाही. आधी मुख्य भोक सोडून बाकीच्या सगळ्या फटी बुजवायच्या, नाहीतर बाहेर काढलेली पाकोळी चार हातांवर दुसरीकडून आत जाते. त्यानंतर मुख्य भोकावर पडदा लावायचा आणि तो पाच ते सात रात्री राहू द्यायचा. जोराच्या पावसात पाकोळ्या बाहेर पडत नाहीत, म्हणून पावसाची रात्र मोजणीत धरायची नाही. शेवटच्या दोन संध्याकाळी पुन्हा खुर्ची. काही पडले नाही आणि आत खरवड नाही, तर पडदा काढून त्याच दिवशी भोक बंद. भिंतीला सिमेंटचा गिलावा, पाइपभोवती सिलिकॉन, झरोक्याला पाव इंची लोखंडी जाळी, जॉइंटमध्ये फोमची दोरी आणि वर सीलंट. नुसता फुगणारा फोम भरून मोकळे होणारे कारागीर बरेच आहेत. तो उंदीर आणि खारी कुरतडतात.

‘कसे’ इतके सोपे आहे. फसते ते ‘केव्हा’मध्ये.

या विषयावरच्या परदेशी पुस्तिका थंड प्रदेशांसाठी लिहिलेल्या असतात. तिथली वटवाघळे हिवाळाभर निद्रिस्त पडतात, म्हणून त्या काळात हात लावू नका, असे त्या सांगतात. बंगळुरूत जानेवारीच्या रात्रीही पारा साधारण पंधराच्या आसपास असतो; इथल्या पाकोळ्या बारा महिने शिकारीला निघतात. त्यामुळे तिकडे वर्ज्य असलेला हिवाळा इथे कामाचा ठरतो. इथे पाळायचा तो पिल्लांचा काळ. आखूड नाकाच्या फलाहारी वटवाघळाला वर्षातून दोनदा पिल्लू होते, एकदा फेब्रुवारी-मार्चच्या आणि एकदा जून-जुलैच्या सुमारास. पिवळ्या घरवटवाघळाची पिल्ले जुलैच्या आसपास जन्मतात. पाकोळ्यांचे वेळापत्रक इतके सरळ नाही. काही जातींच्या विणी वर्षात एकाहून जास्त वेळा होतात. पिल्लू उघडे, आंधळे असते आणि पहिले काही आठवडे उडू शकत नाही. आई त्याला फटीत लटकवून शिकारीला जाते. त्या रात्री पडदा लावला, तर आई बाहेर आणि पिल्लू आत. आई रात्रभर जाळीवर आपटत राहते. पिल्लू दोन-तीन दिवसांत मरते आणि पुढचा आठवडा घराला त्याचा वास सोसावा लागतो.

म्हणून फेब्रुवारी ते ऑगस्ट हात लावू नये. सप्टेंबर-ऑक्टोबर हे बंगळुरूचे सर्वाधिक पावसाचे महिने, तेही नकोत. नोव्हेंबर ते जानेवारी हा खरा हंगाम. त्यातही पडदा लावण्याआधी, संध्याकाळी सगळ्या बाहेर पडल्यावर, टॉर्चने फटीत पाहावे. आत चिवचिव ऐकू आली तर महिनाभर थांबावे.

लोक थांबत नाहीत, धूर करतात. धुराने मोठ्या पाकोळ्या दिवसाउजेडी बाहेर पडून कावळ्यांच्या तोंडी जातात आणि पिल्ले खाली पडतात. डांबरगोळ्यांचा वास पाकोळीपेक्षा घरातल्या लहान मुलाला जास्त बाधतो. अल्ट्रासोनिक यंत्राचा दिवा लुकलुकतो, यापलीकडे त्याचा भरवसा धरू नये. कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीचा तर उलटा त्रास होतो: तिच्या दोन इंची घरांतून पाकोळी सहज आत जाते, आणि फलाहारी वटवाघूळ पंखात दोरे गुंतून अडकते. ते ओढून काढायचे नसते. जाड हातमोजे घालून भोवतीची जाळी कापायची आणि जाळीसकट प्राणी उपचारासाठी न्यायचा. केंगेरीकडचे पीपल फॉर ॲनिमल्सचे वन्यजीव रुग्णालय १९९६पासून शहरातले असे जखमी प्राणी घेते.

खोलीत चुकून शिरलेल्या एकट्या पाकोळीचे प्रकरण वेगळे. पहिले काम पंखा बंद करणे. छताच्या पंख्याइतका घातक शत्रू तिला दुसरा नाही. मग आतली दारे लावायची, खिडकीची डासांची जाळी पूर्ण सरकवायची, दिवा मालवायचा आणि माणसांनी बाहेर पडायचे. बहुधा काही मिनिटांत ती जाते. जमिनीवर बसली असेल, तर डबा पालथा घालून खालून पुठ्ठा सरकवावा आणि अंधार पडल्यावर डबा भिंतीला किंवा झाडाच्या बुंध्याला उंचावर टेकवावा. जमिनीवरून उडणे तिला जड जाते. पडायला उंची लागते, हे वर आलेच आहे.

उघड्या हाताने मात्र स्पर्श करू नये. भारतात रेबीज जवळपास सगळा कुत्र्यांमुळे होतो. पण बंगळुरूच्याच निम्हान्स संस्थेतल्या संशोधकांना नागालँडच्या वटवाघळांत रेबीजच्या कुळातल्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली आहेत. चावा किंवा ओरखडा झाला तर पंधरा मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. निपाहचे नाव २०१८च्या कोळिकोड साथीनंतर घरोघरी पोचले. त्याचा मुख्य वाहक मोठे फलाहारी वटवाघूळ. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत, त्यात पाकोळीच्या कुळातलेही होते, निपाहची प्रतिपिंडे मिळाल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. प्रतिपिंडे मिळणे म्हणजे साथ नव्हे. पण उष्टे फळ न खाणे आणि लेंड्या कोरड्या न झाडणे एवढी शिस्त त्यातून निघते. लेंड्यांवर आधी पाणी शिंपडावे, एन-९५ मास्क लावून ओल्या कागदाने गोळा कराव्यात. कोरडी झाडणी केली की बुरशीचे कण श्वासात जातात. २०२०च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या भीतीने वटवाघळांवर राग निघू लागला तेव्हा, दक्षिण आशियातल्या ६४ अभ्यासकांनी एकत्र निवेदन काढून सांगितले होते की ही वटवाघळे माणसाला कोविड देत नाहीत.

कायद्यालाही हा प्राणी उशिरा कळला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फलाहारी वटवाघळांना पाचव्या अनुसूचीत, उंदीर आणि कावळ्यांच्या रांगेत, उपद्रवी म्हणून बसवले होते. २०२२च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली; १ एप्रिल २०२३पासून ही दुरुस्ती लागू आहे. त्याआधी पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळालेल्या मोजक्या वटवाघळांपैकी एक आपल्याच सीमाभागातले: खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतले राउटनचे वटवाघूळ. १९१३ साली शास्त्राला त्याची ओळख झाली आणि त्यानंतर कितीतरी दशके ते जगात फक्त त्या एका गुहेत माहीत होते. २०११ साली झालेल्या भीमगड अभयारण्यामागे त्याचाही वाटा आहे. बंगळुरूच्या पूर्वेला कोलार जिल्ह्यात हनुमनहळ्ळीच्या गुहेत असेच एक पर्णनासिक वटवाघूळ उरले आहे, दोनशेच्या आत, आणि ग्रॅनाइटच्या खाणी त्याच्या दारात आल्या होत्या. बंगळुरूच्या राजेश पुट्टस्वामय्या यांनी स्थापलेला बॅट कन्झर्व्हेशन इंडिया ट्रस्ट त्यासाठी काम करतो. घरातल्या पाकोळीची जात इतकी दुर्मीळ नाही. पण एका भोकावर एक वसाहत उभी असते, हे गुहेला लागू तसेच डक्टलाही.

घराबाहेर काढलेल्या पाकोळ्या जातात कुठे? बहुधा जवळच्याच दुसऱ्या फटीत. गच्चीच्या बाहेरच्या भिंतीवर पूर्वेकडे, बारा-पंधरा फुटांवर, खडबडीत फळ्यांची खालून उघडी पेटी पडद्याच्या आधीच टांगली तर काही तिथे थांबतात, काही थांबत नाहीत. डेंग्यूचे डास त्या संपवतील अशी आशा मात्र ठेवू नये. तो डास दिवसा चावतो.

बुजवलेले भोक कायमचे बुजत नाही. दर नोव्हेंबरला डक्ट आणि पाइपांच्या कडा पाहाव्यात. एसी दुरुस्तीला आलेला माणूस पाइप बदलतो, सिलिकॉन फाडतो आणि बिल देऊन जातो. पाकोळ्या परततात त्या बहुधा तिथूनच.