गमबूट : पायताण नव्हे, अवजार

गुडघ्यापर्यंत पोहोचणाऱ्या जलरोधक बुटास विलायतेत ‘वेलिंग्टन’ असे नाव आहे. आपण त्यास गमबूट म्हणतो. ज्या सेनापतीवरून ते नाव पडले त्याचा आपल्या वऱ्हाडाशी निकटचा संबंध आला होता, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. दिनांक २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आणि १५ डिसेंबर रोजी गाविलगड घेणारा आर्थर वेलस्ली हाच पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला. त्याचा बूट कातड्याचा होता. गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ करण्याची कृती अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याने शोधून काढली आणि तिच्या आधारे हिराम हचिन्सन याने १८५३ मध्ये फ्रान्समध्ये रबरी बुटांचा कारखाना काढला. लाकडी जोडे घालून चिखलात राबणारे तेथील शेतकरी हे त्याचे पहिले गिऱ्हाईक होत.

रबरी बूट असा मुळात शेतकऱ्याच्याच पायात वाढला. आपल्याकडे मात्र आजही तो परका आहे. काटेपूर्णा किंवा अप्पर वर्धा जलाशयाच्या काठी जाळे ओढणारा भोई बांधव पहा, पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात शेततळ्यात रोहू-कटला पाळणारा शेतकरी पहा, अथवा पावसाळ्यात कपाशी निंदणारी भगिनी पहा. बहुतेकांचे पाय उघडे, नाहीतर साध्या चपलेत. औषध, खत, बी-बियाणे यांवर खर्च करताना जो विचार होतो, तो पायांच्या बाबतीत होत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की, गमबूट हे पायताण नसून अवजार आहे. नांगराचा फाळ पारखून घ्यावा तसा तो पारखून घ्यावा, आणि अवजार कोठे चालवावे व कोठे चालवू नये हे जसे ठाऊक असावे लागते, तसेच बुटाचेही ठाऊक असावे.

उघड्या पायांची किंमत

तळ्याच्या काठावर बाभळीचे काटे, फुटक्या काचा आणि शिंगी माशाचा विषारी काटा असतो. दिवसभर ओल्यात राहिल्याने बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात व त्यांतून जंतूंस वाट मिळते. घोणस, नाग व मण्यार यांच्या दंशाचे भय तर गवतात, बांधावर व जाळे ठेवलेल्या जागी नेहमीचेच आहे. असे दंश बहुधा पायावर, गुडघ्याच्या खालीच होतात. जाड गमबूट हे काही चिलखत नव्हे. परंतु उघडा पाय व बुटातील पाय यांतील अंतर कित्येकदा जीव आणि मरण यांतील अंतर ठरते. दंश झालाच, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. बूट आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

निवड कशी करावी

बाजारात मुख्यत्वे दोन प्रकारचे बूट मिळतात : रबराचे व पी. व्ही. सी. प्लास्टिकचे. रबराचा बूट मऊ असतो, पायाबरोबर वाकतो आणि वारंवार वाकल्याने सहसा लवकर तडकत नाही. शिवाय तो फाटल्यास गावातील सायकलवाला पंक्चरच्या ठिगळाने तो जोडू शकतो. तेल, रॉकेल व डिझेल यांनी मात्र तो फुगतो व कुजतो. म्हणून इंजिनाजवळ काम करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. पी. व्ही. सी. चा बूट स्वस्त पडतो व तेलकटपणास अधिक टिकतो. पण हलक्या प्रतीचा असल्यास घोट्याच्या घडीवर एकाच हंगामात चिरतो, आणि सायकलचे ठिगळ त्यास धरत नाही. मासेमारी व शेतकाम ही दोन्ही कामे एकाच बुटाने करावयाची असतील तर माझी पसंती चांगल्या रबरास आहे.

दुकानात बूट हाती घेतल्यावर पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) आय. एस. आय. ची खूण आहे काय. रबरी बुटासाठी आय. एस. ५५५७ व पी. व्ही. सी. बुटासाठी आय. एस. १२२५४ ही भारतीय मानके आहेत.

२) बूट घोट्याजवळ दाबून वाकवावा. घडीवर पांढरी रेघ उठून ती तशीच राहिली, तर माल हलका समजावा.

३) तळाच्या खाचा खोल व एकमेकींपासून दूर असाव्यात. आपली काळी माती अत्यंत चिकट आहे. बारीक नक्षीच्या तळात ती गच्च बसते, मग तळ सपाट होऊन पाय घसरतो. टाचेस स्पष्ट कड असावी.

४) जाड सुती मोजा घालूनच माप घ्यावे. बोटे पुढे सरकवल्यावर टाचेमागे एक बोट मावावे, अधिक नाही. सैल बूट गाळात रुततो आणि पाय तेवढा वर येतो. सेवेच्या पहिल्याच पावसाळ्यात मी स्वतः एक माप मोठा बूट घेतला होता. तळ्याच्या काठी एक पाय चिखलात अनवाणी उभा राहिला तेव्हा मापाचे महत्त्व कळले.

५) घरी आणल्यावर बुटात कोरडा कागद घालून तो वरच्या काठाखाली चार बोटे येईल इतका बादलीभर पाण्यात तासभर दाबून धरावा. कागद ओला झाल्यास बूट तत्काळ परत करावा. म्हणून पावती जपून ठेवावी.

एक गोष्ट विक्रेत्यांस व कार्यकर्त्यांस आग्रहाने सांगावयाची आहे. दुकानात बहुधा पुरुषांचीच मापे ठेवलेली असतात. निंदणी, वेचणी आणि मासळीची निवड ही कामे मुख्यतः स्त्रिया करतात. त्यांच्या पायांस बसेल असे लहान माप मागितल्याशिवाय येणार नाही. गटाने मागणी नोंदवल्यास व्यापाऱ्यास ते आणणे भाग पडेल.

बूट कोठे काढावा

हा भाग मी मुद्दाम विस्ताराने लिहितो, कारण येथे चूक झाल्यास ती प्राणावर बेतते. गमबूट काठावरच्या व उथळ पाण्यासाठी आहे. पाणी बुटाच्या काठावरून आत शिरले की बूट जड होतो, पाय उचलत नाही. आणि त्यात खाली काळा गाळ असेल तर तो बुटास शोषून धरतो. जाळे ओढताना माणूस पुढे पुढे जातो आणि पाणी किती वाढले हे ध्यानात येत नाही. यास्तव आधी काठीने तळ चाचपावा, आणि पाणी नडगीच्या मध्याच्या वर जाणार असेल तर बूट काठावर काढून ठेवावेत. नावेत बसतानाही ते पायातून चटकन निघतील असेच असावेत, व अंगात तरंगजाकीट असावे.

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या उतारावर तर बूट घालून उतरूच नये. त्यावरील शेवाळामुळे उतार निसरडा होतो; घसरलेल्या माणसास पकड मिळत नाही, मग तो पोहणारा असला तरी. अशा प्रत्येक तळ्यास कुंपण, खुंट्याला बांधलेला गाठींचा दोर आणि जवळ हवा भरलेली जुनी ट्यूब असावी. बोटुकली सोडण्यापूर्वी या तीन गोष्टी झाल्या आहेत काय, हे कार्यकर्त्याने स्वतः पाहावे.

फवारणीचा बूट वेगळा

सन २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुःखद घटनेनंतर संरक्षक साधनांचे महत्त्व सर्वांस पटले. फवारताना विजार बुटाच्या बाहेर ठेवावी, म्हणजे ओघळलेले औषध बुटात उतरत नाही. पाण्यात काम करताना याउलट, विजार बुटाच्या आत खोचावी.

परंतु फवारणीचे बूट घेऊन मत्स्यतळ्यावर जाऊ नये व ते तळ्यात धुऊ नयेत. सायपरमेथ्रिनसारखी औषधे माशांस अत्यल्प प्रमाणातही मारक आहेत. वर्षाचे कष्ट एका धुण्याने मातीमोल होऊ शकतात. शक्य असेल तर दोन जोड ठेवावेत व फवारणीच्या जोडावर रंगाची ठळक खूण करावी.

निगा

काम संपल्यावर बूट आतून-बाहेरून स्वच्छ पाण्याने धुऊन, आत रद्दी कागद कोंबून सावलीत सुकवावा. वऱ्हाडाच्या उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या वर जाते. पत्र्याखाली ठेवलेले रबर त्या उष्णतेने तडकते. म्हणून उन्हाळ्यात बूट घरात, खुंटीवर उलटा टांगावा. घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी उलटा करून झटकावा. विंचू किंवा सापाचे पिल्लू आत असणे काही अशक्य नाही.

गावपातळीवर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांस अखेरीस एवढीच विनंती की, आपण स्वतः चपला घालून शेतकऱ्यास बूट घालण्याचा उपदेश करू नये. पुढील प्रात्यक्षिकास आपण बूट घालून जावे, बादलीची परीक्षा लोकांसमोर करून दाखवावी आणि खोल पाण्याच्या काठी तो सर्वांदेखत काढून ठेवावा. बैलाच्या खुरास नाल ठोकताना आपण कधी खर्चाची सबब सांगत नाही. घरच्या कर्त्या माणसाच्या पायांची योग्यता त्याहून कमी खचितच नाही.