पोदेराचा हात

श्रीगणरायाच्या आगमनाचा आजचा मंगल दिवस. अंत्रुज महालातील घराघरांत माटोळी सजली असेल, पातोळ्यांसाठी हळदीची पाने धुऊन ठेवली असतील, नेवऱ्यांचे डबे भरले असतील. अशा दिवशी या पानावर पावाविषयी लिहावे, हे काही श्रद्धाळू वाचकांना रुचणार नाही. नैवेद्याच्या पानात पावाला स्थान नाही. ते असावे असा आमचा आग्रहही नाही. परंतु विसर्जन आटोपले की याच घरांत आळसांद्याच्या तोणाकाबरोबर पोई लागेल. ती दारी आणणाऱ्या पोदेराचे स्मरण आज करणे अप्रस्तुत नव्हे.

पोदेर हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, तसा त्याचा पावही. सोळाव्या शतकाच्या ज्या सातव्या दशकात श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणि श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, त्याच काळातील ही कहाणी. विहिरीत पावाचा तुकडा टाकून पाणी पिणाऱ्यांना धर्मबाह्य ठरविल्याच्या कथा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. आमच्या आजीने पाव सोवळ्याच्या चुलीपर्यंत कधी येऊ दिला नाही. आम्हा मुलांना तो पडवीत बसून खावा लागे आणि हात धुतल्याविना उंबरठा ओलांडता येत नसे. त्या माउलीला आम्ही हसत नाही. ज्यांना आपली दैवते जुवारीपार न्यावी लागली, त्यांच्या वंशजांचे ते भय होते.

भय आणि शास्त्र यांची गल्लत मात्र होऊ नये. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आंबलेले अन्न वर्ज्य सांगितले आहे, हे खरे. दही व दह्याचे पदार्थ त्यातून वगळले आहेत. माडाच्या सुरेवर फुगलेली सान्नां खाताना मात्र कोणी तो अध्याय उघडल्याचे आमच्या पाहण्यात नाही! त्याच अध्यायात पुढे कारागिराचा हात नित्य शुद्ध, आणि विक्रीस मांडलेला जिन्नसही शुद्ध, असा निर्वाळा दिला आहे. शास्त्री मंडळी पहिले वचन आवर्जून सांगतात, दुसऱ्याचे स्मरण क्वचितच करतात. आम्हीही पुष्कळ वर्षे त्यांतलेच.

तो हात काय करतो, हे एकदा कीर्तनाहून अपरात्री परतताना आम्ही पाहिले. गाव निद्रिस्त होते. जागे होते ते एक पोदेराचे कुटुंब. घुमटाकार भट्टीत लाकडे जळून गेली होती, निखारे बाजूला ओढले होते. बाप लांब दांड्याच्या लाकडी फळीने गोळे आत सरकवीत होता, आई पोई कोंड्यात घोळवीत होती, मुलगा कातरीने कातऱ्या पावाला चीर देत होता. आग विझल्यावर दगडांत उरलेल्या उष्णतेवर पाव भाजतो. घड्याळाकडे कोणी पाहत नव्हते. भट्टीच्या तोंडाशी हात धरून ताप जोखला जात होता. पूर्वी पीठ फुगवायला रेंदेर काढीत असे ती सूर लागे. माडावर चढणारे रेंदेर विरळ झाले, आणि तिची जागा बाजारच्या यीस्टने घेतली. एका पावामागे रेंदेर, लाकूडवाला, गिरणीवाला अशी किती घरे गुंतलेली होती, ते त्या रात्री उमगले.

ती वीण आता उसवते आहे. लाकूड महागले, मैदा महागला. पोदेरांची मुले परदेशी गेली. अनेक भट्ट्या कर्नाटकातून आलेल्या कामगारांच्या हाती आहेत. त्यांनी भोंगा आणि सायकल राखली, याबद्दल आम्हाला त्यांचे कौतुकच वाटते. परंतु फेरी चालते ती दर घराने दोन-चार पाव घेतल्यावर. निम्म्या घरांनी दुकानातील पिशवीबंद पाव आणला, तर उरलेल्या निम्म्यांसाठी पहाटे कोण सायकल मारील? पावाचा भाव रुपयाने वाढला की आपण पोदेराशी वाद घालतो. मखराच्या रोषणाईचा खर्च मात्र विचारीत नाही.

चवथीच्या नेवऱ्या शेजारच्या ख्रिस्ती घरी पाठवायच्या आणि नाताळात त्यांच्याकडील गोड पदार्थांचे ताट स्वीकारायचे, ही आपली रीत जुनीच आहे. उद्या सकाळी भोंगा वाजला की आमच्या घरून केळीच्या पानात बांधलेल्या नेवऱ्या पोदेराच्या टोपलीत जातील. आजी असती, तर तिनेही दिल्या असत्या. उंबरठ्याच्या आतून की बाहेरून, ते मात्र आम्ही सांगू शकत नाही.