परक्या मैदानावरचा संसार

पेण तालुक्यातील जोहे, हमरापूर या गावांत गणेशमूर्तींचे कारखाने वर्षभर राबतात. पैसा मात्र भाद्रपदाच्या आगेमागे हाती येतो. अशा धंद्यात कारागिराच्या हाती कितीही कसब असले, तरी मूर्ती ज्या शेडमध्ये सुकायच्या आणि रंगवायच्या ती जागा कोणाची व कोणत्या अटींवर घेतलेली, यावर हंगामाचा जमाखर्च पुष्कळसा अवलंबून असतो. व्यावसायिक फुटबॉल संघांची गत याहून फारशी निराळी नाही. खेळाडूंना मिळणाऱ्या मोबदल्याच्या बातम्या रकानेच्या रकाने भरून येतात; संघ ज्या मैदानावर खेळतो त्याचा करार कसा आहे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः संघ तगणार की बुडणार, याचे उत्तर बरेचदा त्या करारातच दडलेले असते.

मुंबईला हा धडा नवा नाही. १९३७ साली उभे राहिलेले ब्रेबोर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. कसोटी सामने भरविणारी मुंबईची क्रिकेट संघटना तेथे पाहुणी होती. आपल्या वाट्याला किती जागा याव्यात, यावरून उभयतांत वर्षानुवर्षे कुरबुर चालली. अखेर शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने संघटनेने हाकेच्या अंतरावर स्वतःचे स्टेडियम बांधले आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिली कसोटी झाली. ब्रेबोर्नवर १९७३ नंतरची कसोटी पाहण्यास २००९ साल उजाडावे लागले. कुळाने घर सोडले तेव्हा घरमालकाचेही अंगण ओस पडले, हा या कहाणीचा उत्तरार्ध लक्षात ठेवण्याजोगा आहे.

फुटबॉलच्या वाट्याला मात्र असे स्वतःचे घर आले नाही. कूपरेजच्या नूतनीकरणाच्या काळात मुंबई एफसी या संघाला आपले ‘घरचे’ सामने काही हंगाम पुण्याजवळ बालेवाडीला जाऊन खेळावे लागले. घरचा सामना पाहण्यासाठी ज्याला घाट चढावा लागतो, तो प्रेक्षक किती दिवस टिकणार? २०१७ मध्ये तो संघ बंद पडला. त्यापूर्वी राष्ट्रीय विजेतेपद मिळविलेला महिंद्र युनायटेड कंपनीच्या निर्णयाने २०१० मध्ये संपला. मागे उरल्या त्या आठवणी. ज्याच्या आधारावर कोणी तो संघ पुन्हा उभा करावा, असे स्वतःचे मैदान नव्हते.

मुंबई सिटी हा संघ २०१४ मध्ये नेरूळच्या पन्नास हजारांहून अधिक आसनांच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर उतरला आणि २०१६ मध्ये महापालिकेच्या अंधेरी येथील क्रीडासंकुलात आला. तेथे प्रेक्षकांसाठी वापरात असलेल्या जागा दहा हजारही भरत नाहीत. २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेतील घरचे सामने त्याला पुण्यात आणि अल हिलालविरुद्धचा मोठा सामना पुन्हा नेरूळला खेळवावा लागला. २०१९ मध्ये आलेल्या परदेशी भांडवलदारांनीही लीगच्या भवितव्याची अनिश्चितता पाहून २०२५ च्या अखेरीस काढता पाय घेतला.

भाडे किती, एवढाच येथे प्रश्न नाही. तिकिटाखेरीज हंगामी पास, खाद्यपदार्थांचे गाळे, जाहिरातींचे फलक, वाहनतळ, स्टेडियमला नाव देण्याचा हक्क आणि सामना नसलेल्या दिवशीचे कार्यक्रम, अशा अनेक वाटांनी मैदान पैसा देत असते. करारात या वाटा मालकाकडे राहिल्या, तर संघाच्या पदरी तिकिटांचे उत्पन्न आणि वर भाड्याची पावती. मुदत तोकडी असली की दिव्यांवर, हिरवळीवर वा आसनांवर खर्च करण्याची संघाला छाती होत नाही. आणि तारण ठेवण्यास काही नसल्यामुळे बँकही दारात उभी करीत नाही.

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री सिटी या जुन्या संघाने स्वतःचे मैदान विकले आणि २००५ मध्ये तो नव्या स्टेडियमचा भाडेकरू झाला. वर्षाला दहा लाख पौंडांहून अधिक भाडे डोईजड झाल्याने २०१२ मध्ये त्याने ते थांबविले. पुढे दिवाळखोरीची वेळ आली आणि घरचे सामने परगावी खेळावे लागले. २०१४ मध्ये ते स्टेडियम वॉस्प्स या रग्बी संघाने घेतले. पण कर्जाखाली तोही २०२२ मध्ये कोलमडला. कॉव्हेंट्रीला स्टेडियमची मालकी मिळण्यास २०२५ उजाडले.

यावरून ‘प्रत्येकाने आपले स्टेडियम बांधावे’ असा सोपा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. पुण्याजवळील गहुंजे येथे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे भव्य स्टेडियम २०१२ मध्ये सहारा समूहाच्या प्रमुखांचे नाव घेऊन थाटात सुरू झाले. नावाचे पैसे मात्र ठरल्याप्रमाणे आले नाहीत, नाव उतरले आणि २०१८ मध्ये थकीत कर्जापायी बँकांनी त्याचा प्रतीकात्मक ताबा घेतला. उलट, सार्वजनिक मालमत्ता स्वस्तात देऊन टाकणे हाही उपाय नव्हे. लंडनचे ऑलिंपिक स्टेडियम वेस्ट हॅम संघाला २०१६ पासून ९९ वर्षांसाठी, वर्षाला सुमारे पंचवीस लाख पौंड इतक्या आरंभीच्या भाड्याने मिळाले. सामने चालविण्याचा मोठा भार सार्वजनिक संस्थेवर राहिल्यामुळे तोटा करदात्यांच्या माथी बसला. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, यातलाच हा प्रकार.

तेव्हा मार्ग आहे तो मधला. महापालिका, सिडको वा शासनाच्या मालकीची मैदाने संघांना किमान पंधरा-वीस वर्षांच्या कराराने द्यावीत. भाड्याचा काही भाग ठरीव आणि काही उत्पन्नाच्या प्रमाणात असावा, म्हणजे हंगाम वाईट गेला तरी संघ मरणार नाही आणि चांगला गेला तर जनतेलाही हिस्सा मिळेल. देखभालीची जबाबदारी निःसंदिग्ध लिहावी. सामना नसलेल्या दिवशी शाळा-महाविद्यालयांच्या संघांना ठरावीक तास राखावेत. आणि मुख्य म्हणजे हे करार जनतेसमोर उघड ठेवावेत.

रायगडकरांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. सिडकोने फुटबॉलची मैदाने उभारली आहेत ती याच जिल्ह्यातील खारघरला. ती कोणाला, किती वर्षांसाठी व कोणत्या अटींवर वापरता येतील, यावर पेण-रोह्याकडच्या मुलांना तेथे सरावाची जागा मिळेल की केवळ प्रेक्षकाचे तिकीट, हे ठरणार आहे. विजयाचा चषक कपाटात राहतो. संघ राहतो तो मैदानावर. त्या मैदानाचा कागद वाचण्याचा हक्क, ज्यांच्या करातून ते उभे राहिले त्यांना असलाच पाहिजे.