रातबगळा आणि घाण

मिठीकाठचं, धारावीशेजारचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पूर्वी कचराडेपो होतं, हे नव्या माणसाला पटत नाही. अशा पाण्याकाठच्या झाडीत रातबगळा दिवसभर मान खांद्यात खुपसून पेन्शनरासारखा (आमच्याचसारखा!) बसतो. डोळा लालभडक, डोक्यामागे दोन-तीन लांब पांढरी पिसं. दिवेलागणीला मासे-बेडकांच्या शोधात निघतो. 'वाक्' अशा ओरडण्यावरून अंधारातही ओळखू येतो.

हे पक्षी घोळक्याने राहतात, खाली शिटतात, वास येतो. तेवढ्यासाठी ऐन पावसाळ्यात, घरट्यांत पिल्लं असताना, काही सोसायट्या फांद्या छाटायला लावतात. मला हे मुळीच पटत नाही. छाटायचंच तर दिवाळीनंतर छाटा ना! आणि घाण म्हणाल, तर मिठीत ती कोण ओततं?