इयत्ता पुढे, मूल मागे

महापालिकेच्या शाळेतील मूल शिकत नाही, याचे खापर फोडण्यास समाजाला तीन डोकी नेहमीच सापडतात : मुलाचे, आईबापांचे आणि शिक्षकाचे. खापर फुटले, की अभ्यासक्रमाची झाडाझडती घेण्याची गरज कोणास उरत नाही. वस्तुतः ज्याला जोडाक्षर वाचता येत नाही, त्याच्यापुढे चौथीचे पुस्तक उघडणे म्हणजे जिना नसलेल्या माडीवर चढण्याचा हुकूम सोडणे होय.

मुंबईच्या वस्त्यांतून उभ्या राहिलेल्या ‘प्रथम’ या संस्थेने यावर ‘बालसखी’ची योजना आखली. वस्तीतीलच शिकलेली एखादी तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास वेगळी बसवून त्यांचे वाचन व अंकगणित पक्के करून घेई. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो प्रभृती अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई व बडोदा येथे या योजनेची काटेकोर पारख केली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले.

सर्वांत कच्च्या मुलांची प्रगती सर्वाधिक झाली. उलट, मूळ वर्गातली गर्दी घटूनही तेथे उरलेल्या मुलांना त्याचा म्हणण्यासारखा लाभ झाला नाही. म्हणजे केवळ पटसंख्या कमी करणे पुरेसे नाही. मूल जेथे अडले आहे तेथून शिकवावे लागते. मात्र योजनेबाहेर पडल्यावर वर्षभरात या लाभाचा बराचसा भाग ओसरला, हेही विसरता कामा नये.

यावरून ‘मग पगारी शिक्षक हवेत कशाला ?’ असा सोयीस्कर अर्थ काढणारे महाभाग आहेत. ती तरुणी यशस्वी झाली, कारण तिच्यापुढे मुले मोजकी होती आणि अभ्यासक्रम संपविण्याचे भय तिला नव्हते. शिक्षकाच्या मानेवर ते जोखड आहेच. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही जनगणना आणि निवडणुकीच्या कामांतून त्याची सुटका केलेली नाही. शिक्षकाला मोकळीक द्यायची नाही आणि बालसखीला पुरेसे वेतनही द्यायचे नाही, ही काटकसर नव्हे, कद्रूपणा आहे.

तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता व हिशेब करता यावा, असे ध्येय केंद्र सरकारने २०२१ साली ‘निपुण भारत’ अभियानाद्वारे जाहीर केले. ध्येय योग्यच आहे. पण ज्या लाभाला वर्षभरात ओहोटी लागते, तो एखाद्या अभियानाच्या मुदतीत टिकाऊ होत नाही. त्यासाठी पातळीनुसार अध्यापनाचे दोन तास प्रत्येक शाळेच्या नित्य वेळापत्रकात, दरवर्षी, हक्काने असले पाहिजेत. त्या वेळात अभ्यासक्रम थोडा थांबला तर बिघडत नाही. मूल थांबले तर ते बहुधा शाळाच सोडते.